कॉरिबचे मासे आणि 'नमो मारिये'

…नाही, पण तुम्हीच सांगा, माशाला प्रार्थना कळते का? कळते का हो? चार वर्षं गॉलवेच्या विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या जिवांचा अभ्यास केला मी, ट्राउटचा मेंदू चिरून पाहिलाय, वाटाण्याएवढा असतो, त्यात प्रार्थनेला जागा मला तरी कुठे दिसली नाही! आणि आमचा फेस्टी मामा, साठ वर्षं कॉरिबच्या तळ्यावर बोट चालवणारा, मला म्हणतो, "सोरखे, माशाने माशी तोंडात घेतली की लगेच गळाची काठी उचलायची नाही. आधी म्हणायचं, 'नमो मारिये, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे.' 'आहे'वर काठी उचलायची. घाई कसली?"

घाई कसली म्हणे!

घाई अशी, की रविवारी आमच्या मासेमारी मंडळात मतदान होतं. ठराव माझा. दोन किलोवरचा प्रत्येक ट्राउट परत पाण्यात सोडायचा. अहो, अंडी जास्त तेच घालतात, तेच तळून खाल्ले तर पुढे काय बेडूक पकडणार? पण मला सोडून मंडळातली माणसं बारा, आणि त्यातली अकरा मामाच्या हाताकडे बघून हात वर करणारी! मामाचा वर, तर सगळ्यांचे वर. मामाचा खाली, तर सगळे छताकडे बघतात.

मामा म्हणाला, "भाषण नको. एक दिवस माझ्या बोटीत बस. संध्याकाळपर्यंत एक मासा बोटीत आण, माझा हात वर. नाही आणलास, तर तो ठरावाचा कागद माझ्या चुलीत."

मी म्हटलं, "कबूल!" निघताना मला टोपी घालायला लावली त्याने. का, तर माझे केस तांबडे, आणि तांबड्या केसांची बाई वाटेत भेटली की आमच्याकडचे मासेमार घरी परत फिरतात. आता बाई बोटीतच बसलेली असेल तर कुठे फिरायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही!

बरं, दिवस काय सुरेख होता, तुम्हाला सांगते… मे महिना, ढगाळ आभाळ, पश्चिमेचा वारा, आणि पाण्यातून वर येणाऱ्या त्या पिवळसर माश्या, एका दिवसाचं आयुष्य घेऊन आलेल्या. मी माझी पिसांची खोटी माशी त्यांच्यात अलगद टाकली, लाटेवर डुलत निघाली, आणि गुळूप! मी काठी खेचली. गेला.

"नमो मारिये," मामा वल्ह्यावरून म्हणाला.

"मी मोजलं होतं, मामा! एक, दोन, तीन!"

"तू 'एद्तीन' म्हणालीस."

दुसरा गेला. तिसरा, चौथा… पाचव्याला तर मी 'एद्तीन'सुद्धा म्हटलं नाही! शेजारच्या बोटीतून कोलमन ओरडला, "काय रे फेस्टी, पोरगी मासे पकडतेय की हाकलतेय?" मामा म्हणाला, "शिकलेली आहे रे. आधी ओळख करून घेते, मग जाऊ देते!"

दुपारी बेटावर उतरलो, किटली ठेवली, पावाला लोणी लावलं. मी घाईत चहा प्याले, जीभ भाजली. मामा फुंकर मारत बसला. तेच जास्त लागलं.

परत पाण्यावर आलो. चार वाजले, पाच वाजले… माझा कागद मला चुलीत दिसायला लागला. आणि माझ्या माशीखाली पाणी फुगलं, एक थोरलं सोनेरी नाक वर आलं, माशी गेली, आणि मी, पाच वर्षं चर्चची पायरी न चढलेली मी, पुटपुटले, "नमो मारिये… कृपापूर्णे… प्रभू तुझ्याबरोबर… आहे!"

काठी वाकली! असली वाकली, की मामा उभा राहिला. वीस मिनिटं! शेवटी आला बोटीच्या कडेला, तीन किलोच्या पुढचा, अंगभर ठिपके. मी हात ओले केले, पाण्यातच गळ सोडवला, त्याला क्षणभर धरला, आणि तो शेपटी हलवून गेला. मी टोपी हवेत फेकली. "जिंकले!"

"बोटीत कुठे आला?" मामा म्हणाला.

"अं?"

"पैज काय होती? मासा बोटीत."

"अरे मामा, सोडायचा मासा पाण्याबाहेर काढायचाच नसतो! तो तर नियम!"

"कुणाचा?"

"…माझा."

"मग तुझ्या नियमाने तू हरलीस," म्हणाला, आणि धक्क्यापर्यंत खांदे हलवून हसत होता माणूस! आणि गंमत बघा, मलाही राग येईना. तो मासा डोळ्यांपुढून जाईचना.

रविवारी अध्यक्षांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूने कोण?" अकरा जणांनी मामाकडे बघितलं. मामाचा हात मांडीवर. अकरा जणांनी छताकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "तर मग ठराव नामं…" आणि तेवढ्यात मामाचा हात सावकाश वर गेला, मागोमाग अकरा हात. मी बाकावरून ओरडले, "अरे, जीव घेतलास! इतका वेळ करत काय होतास?"

"'आहे'ची वाट बघत होतो," मामा म्हणाला. "घाई कसली?"

तर आता मीही मोजत नाही. म्हणते. काय करणार हो… विद्यापीठाने काहीही शिकवलं असो, कॉरिबचे मासे कॅथलिक आहेत!