किल्ली सापडत नाहीये

नाही गं, वारा होता काल. त्या तळ्याकडेच्या रस्त्याला वारा असतोच — पाण्यावरून येतो, आणि आमची ही राहायची गाडी उंच, कपाटाएवढी, तिला आडवा बसतो — म्हणून जरा इकडेतिकडे झाली असेल. तुम्हीच होतात होय मागे? मग हॉर्न तुमचाच. असू दे, वाजवायलाच हवा, त्याबद्दल नाही म्हणत मी काही. बस की इथे बाकावर, तुझ्या मशीनला अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत, वर आकडा दिसतोय बघ. माझं मघाशीच झालंय, मी आपली बसलेय. मघा लेकाला म्हणालीस ना, परत ओकलास तर बघ, तेव्हाच म्हटलं ही आपल्याकडची. ओकतातच गं पोरं त्या वळणांवर. दोन्ही चादरी गेल्या? अरेरे. आणि ते जँडल्स, त्या रबरी चपला, ड्रायरमध्ये नको हं टाकूस, माझे गेल्या वर्षी वितळले, चांगले होते. सुखदा ना तू? मी आशालता. आशालता आगाशे.

ते खिडकीतून दिसतायत बघ, गाडीच्या पायरीवर गुडघे टेकून, पांढरा शर्ट — ते आमचे. गाडीची किल्ली सापडत नाहीये. सकाळी सातपासून चाललंय. गाद्या उलट्या केल्या, कपाटं रिकामी केली, बूट झटकले — आणि पद्धतशीर हं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातानं चाचपत. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते, तेहतीस वर्षं जमीन मोजण्यात गेली, ते काय किल्लीला सोडतायत. कॅम्पच्या ऑफिसातली बाई मघाशी येऊन गेली, किया ओरा डार्लिंग करत, म्हणाली टाउपोहून किल्लीवाला बोलावते, दोन तासांत नवी करून देईल. हे म्हणाले, अर्धा तास बघतो, नाही सापडली तर बोलवा. म्हणजे दुपारी आम्ही डेझर्ट रोडला. मग वेलिंग्टन, मग बोट, मग साउथ आयलंड — सहा आठवड्यांचं सगळं आखून ठेवलंय कागदावर. तुम्हीही डेझर्ट रोडनंच जाणार? हं. आज की उद्या?

वाळवंट म्हणायचं आपलं. पिवळं गवत, करडी माती, झाड म्हणून नाही, आणि मैलोन्‌मैल सरळ. गेल्या वर्षी ह्यांनी तिथे गाडी बाजूला घेतली आणि तासभर नुसते उभे राहिले. म्हणाले, हे थेट आपल्या माणदेशासारखं, दहिवडीच्या पुढचं. म्हटलं असेल, मला काय ठाऊक, मला कधी नेलंत दहिवडीला? खरंच नाही नेलं गं. हे कॅनॉलवर, तंबूत नाहीतर रेस्ट हाउसात, आणि मी साताऱ्यात सासू-सासरे आणि लेकाला, यशोधनला, घेऊन. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेची एसटी. माझं तर अर्धं आयुष्य ह्यांची पिशवी भरण्यात गेलं. मग यशोधन इकडे आला, त्याच्या मागोमाग आम्ही. फ्लॅट बुशला मोठं घर आहे त्याचं. चांगली आहेत हं सगळी, नाव ठेवायला जागा नाही, सूनही चांगली. पण वरची एक खोली आमची, आणि दिवसभर कोणी नाही. साडेपाचला गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला की माणसं आली. नात आहे, ओवी, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर देते इंग्रजीत, तेही कानात काहीतरी घालून. मग एक दिवस ह्यांनी ही गाडी आणून दारात उभी केली. न्यू लिनच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्याची होती. मी आठ दिवस बोलले नाही. शेगडीपासून हातभरावर संडास, त्यात मी स्वयंपाक करायचा? देव कुठे ठेवायचे? शेवटी देव नेले पुढे, काचेपाशी. म्हटलं तुम्हीच बघा रस्त्याकडे. आणि मग — हसशील तू — आवडायला लागलं मला. सत्तरीला टेकले तेव्हा कुठे नवरा घरी आला माझा. सकाळी समोरासमोर बसून चहा, मध्ये एवढंसं टेबल, आणि सोमवार आला तरी कुठे जायचं नाही त्यांना. चौथा उन्हाळा हा आमचा.

मी? छे, मला कुठलं चालवायला येतंय. तेच चालवतात. मी शेजारी बसून पाट्या वाचते. हो, मोठ्यानं. रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या — पुढे वळण आहे, वेग पंचावन्न, कामगार काम करतायत, सगळ्या. गेल्या वर्षी त्यांनीच सुरू केलं, म्हणाले वाच मोठ्यानं, तुझं इंग्रजी सुधारेल. मला बरं वाटलं गं. म्हटलं एवढ्या वर्षांनी माझ्या इंग्रजीची काळजी. मी आपली शाळेतल्या मुलीसारखी वाचत बसायची, आणि सुधारलंही, खोटं कशाला बोलू, डेअरीत जाऊन आता मी एकटी दूध-ब्रेड आणते, दोन वाक्यं बोलून येते. मग म्हणाले नुसतं पाट्या नको, समोर काय काय दिसतं तेही सांग. ट्रक कुठल्या रंगाचा, किती लांब, पुढची गाडी थांबली का. तेही सांगायला लागले मी. मला कळलं कधी, सांगू? खांबांवरून. विजेचे खांब. एकदा मला म्हणाले, काय हे लोक, सगळे खांब वाकडे रोवलेत. मी बघितलं, एकही वाकडा नव्हता. तेहतीस वर्षं दुर्बिणीतून सरळ रेघ बघितलेला माणूस, आणि त्याला खांब वाकडे दिसतायत. मी म्हटलं, हो, वाकडेच आहेत.

काय करणार? म्हटलं डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणाले चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही, आणि दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. कडेचं दिसतं त्यांना, मधलं जातं. माझ्याशी बोलताना कानाकडे बघतात — हा उजवा कान. मला आधी वाटायचं मन लागत नाही माझ्याशी बोलण्यात. तसं नाहीये. कानाकडे बघितलं की मी दिसते त्यांना, थोडीफार. पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण होतायत, लायसन संपणार, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार, डोळे तपासणार. म्हणून तर हा साउथ आयलंडचा घाट, आत्ता, घाईघाईनं. बोलत नाहीत, पण मला काय कळत नाही? आणि मी — मी दमलेय गं सुखदा. एकदा वायकाटोकडे कुठेशी, जेवण झालं होतं, ऊन येत होतं काचेतून, माझा डोळा लागला. दहा मिनिटं फार तर. जागी झाले तर आम्ही पुलावर, एका गाडीपुरता पूल असतो ना तसला, लाल बाण आपल्या बाजूला म्हणजे आपण थांबायचं — आणि समोरून दुधाचा टँकर निम्म्यावर आलेला. टँकरवाला बिचारा भला, त्यानंच मागे घेतला, वर हात करून स्वीट ॲज म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. हे म्हणाले, उठवलं का नाहीस मला? म्हणजे झोपले होते कोण, मी की ते? तेव्हापासून गाडीत मी पापणी मिटलेली नाही. दोघांचं बघायचं म्हणजे काय असतं, संध्याकाळी डोळ्यांवर ओला रुमाल घालून पडते मी.

बरं, नव्हता वारा काल. तू बघतेयस माझ्याकडे अशी, म्हणून सांगते. तुझा नवरा फोन करणार होता ना, पोलिसांच्या त्या स्टार पाच-पाच-पाचला? करायला हवा होता. तुम्ही तर नंतर आलात मागे. त्याच्या आधी, टाउपो सोडल्यावर, एक मुलगी होती सायकलवर, पिवळं जाकीट, आमच्या नाकासमोर. मी म्हटलं, सायकल. ते म्हणाले, कुठे? कुठे म्हणाले गं. मी स्टिअरिंग धरून ओढलं. आरशात बघितलं तर ती खडीत उभी, एक पाय जमिनीवर, ओवीएवढीच, आमच्याकडे बघत होती. धक्का लागला नाही, देवाची कृपा. हे म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, खड्डा होता. खोटं बोलले मी. आणि पुढची पाटी वाचली.

नको, नवऱ्याला बोलावू नकोस, बस खाली. जात नाहीयोत आम्ही. किल्ली हरवलेली नाही. माझ्याकडे आहे — म्हणजे अंगावर नाही, गाडीतच, हळदीच्या डब्यात. सकाळी हे आंघोळीला गेले, तेव्हा अर्धा किलो हळदीत खोल खुपसली आणि झाकण घट्ट लावलं. तो डबा त्यांनी जन्मात उघडलेला नाही. हळद कुठली नि हिंग कुठला, विचार त्यांना. आणि इथे येऊन बसले, कारण तिथे थांबले तर देईन काढून, मला माहितीय माझं. चार तास तो माणूस गुडघ्यांवर फिरतोय आणि मी इथे मशीनचे आकडे बघतेय. पण त्याचा उपयोग काय? अर्ध्या तासानं त्या किल्लीवाल्याला बोलावणार, तो नवी किल्ली देणार. मी काय काय लपवू?

यशोधनला? सांगितलं असतं गं, कधीच सांगितलं असतं. सगळे हेच म्हणतील, मुलाला का नाही सांगितलंस. त्याला कळलं की आठवड्यात गाडी विकेल तो, आणि बरोबरच करेल. मग परत ती वरची खोली. ह्यांचं जाऊ दे, त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले असं मी सांगेन चारचौघांत, पण खरं सांगू का तुला, मलाच नव्हतं जायचं परत. मला हे एवढंसं टेबल हवं होतं. ती पोरगी खडीत उभी राहिली तरी काल संध्याकाळी मी भातच लावला की, काही झालं नाही अशा थाटात. लाज वाटते. आज दुपारी ते निघाले तर मी शेजारी बसेन आणि पाट्या वाचेन, मला स्वतःचा भरवसा नाहीये. थांब — येतायत. काही बोलू नकोस.

काय हो? नाही सापडली? गाद्यांखाली परत बघितलंत? बरं. मग त्या ऑफिसातल्या बाईला सांगू का, किल्लीवाल्याला बोलाव म्हणून? — नको? — यशोधनला करू फोन? हो, दुसरी किल्ली आहे त्याच्याकडे, ड्रॉवरमध्ये. उद्या शनिवार, येईल तो घेऊन. — त्यानं चालवायची? घरापर्यंत? अहो, आणि तुमचं ते साउथ आयलंड, बोटीची तिकिटं — बरं. बरं, सांगते त्याला. ही सुखदा, हिच्या बाळाला गाडी लागली काल — हो, आपल्याकडचीच आहे. तुम्ही व्हा पुढे, चहाचं आधण ठेवा, आलेच मी. अहो — नाही, काही नाही. जा.

गेले ना? बघितलंस तू? बोटं बघितलीस त्यांची? आणि शर्टाचा खिसा, आणि इथे कपाळावर, घाम पुसलाय तिथे. पिवळं. त्यांना ते दिसत नाही, हात पुसले म्हणजे झालं असं वाटतंय त्यांना. सकाळी आम्ही ब्रेड-लोणी खाल्लं, दुसरं काही नाही. आज गाडीत हळदीला हात लावायचं कोणाला काही कारण नव्हतं. सापडली गं त्यांना. सापडली, परत हळदीत खुपसली, झाकण लावलं आणि चालत आले मला सांगायला, सापडत नाही म्हणून. माझ्या कानाकडे बघत सांगितलं.

नाही, काही नको मला. पाणी आहे माझ्याकडे. झालं बघ तुझं मशीन, काढ त्या चादरी, बाहेर कोणीतरी खोळंबलंय, आणि बाळ वाट बघत असेल. नीट जा डेझर्ट रोडनं, सावकाश. जाताना दार तेवढं ओढून घे. मला यशोधनला फोन लावायचाय, किल्ली हरवली म्हणून.