प्रसूतिगृहाच्या ठरावाला मी हात वर केला

जन्म माझा भांडुपचाच, टेकडीवरच्या चाळीतला. मूळ गाव कणकवलीकडचं. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत, आणि काय सांगू तुम्हाला, चालती गिरणी बंद का पडते ते कोणी नीट सांगेना म्हणून मी अर्थशास्त्राकडे गेले. एम.ए. केलं, मुलुंडच्या कॉलेजात बावीस वर्षं शिकवलं. कोरियाचं उदाहरण फार द्यायचे, की बघा रे, युद्धात राख झालेला देश, पण त्यांनी पोरांच्या शाळा सोडल्या नाहीत. पोरं मला कोरियाबाई म्हणायची. म्हणू देत, मला बरं वाटायचं.

मग आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पक्षाचं आमच्या भागातलं सगळं बघणारे भाऊ घरी आले, म्हणाले, बाई, आम्हाला शिकलेला माणूस पाहिजे. आमचे मिस्टर म्हणाले, नको गं, तू वर्गातच बरी. मी ऐकलं नाही. फळ्यावर लिहून होत नाही ते तिथे जाऊन होईल असं वाटलं ना. नोकरी सोडली, उभी राहिले, निवडून आले. चाळीतल्या बायका गुलालात रडत होत्या, मीपण रडत होते.

पहिलं वर्ष नळ, गटार, शाळेचं छप्पर, झकास चाललं. मग आमच्याच रस्त्यावरच्या प्रसूतिगृहाचा ठराव आला. इमारत धोकादायक, पाडायची, जागा खाजगी संस्थेला द्यायची, नवं होईपर्यंत बाळंतिणींनी मुलुंडला जायचं. नवं कधी होणार, ते कुठेच लिहिलं नव्हतं, तो कागद मी तीनदा वाचला. भाऊंना म्हटलं, हे मला पटत नाही. ते म्हणाले, बाई, वर्ग सुटला, इथे पक्षाचा आदेश असतो. सभागृहात सगळ्यांनी हात वर केले, मीपण केला. कोणी माझा हात धरून वर नाही हो केला, माझा मीच केला.

पुढच्या वर्षी खालच्या गल्लीतल्या शेवंतामावशींच्या सुनेला, प्रियाला, भर दुपारी कळा सुरू झाल्या. रिक्षातून मुलुंडला निघाले, मेन रोड खोदलेला, रिक्षा पुढे जाईना, तिथेच बाळंत झाली. प्रिया वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

मी गेले त्यांच्याकडे, पण उंबऱ्यावरून पाय पुढे होईना. मावशी म्हणाल्या, ये गं, बस. एवढंच.

पुढच्या सभेत मी उभी राहिले, म्हटलं, ठराव चुकला, मी चुकले, प्रसूतिगृह परत सुरू करा. माझा माईक बंद केला. पुढे तिकीट गेलं, अपक्ष उभी राहिले, पडले. कॉलेजातल्या जागेवर केव्हाच दुसऱ्या बाई आल्या होत्या. आणि प्रसूतिगृहाच्या जागेला अजून पत्रे मारलेले आहेत, आत गवत वाढलंय.

आता घरीच असते. बायका अर्ज लिहून घ्यायला येतात, लिहून देते. कोणाला दिवस गेले की मुलुंडच्या हॉस्पिटलात आधीच नाव घालून येते, वेळेला सोबत जाते. प्रियाला परत दिवस गेले तेव्हाही मीच गेले होते. मुलगा झाला, सुखात राहो. मावशी पेढे घेऊन आल्या, म्हणाल्या, पोरी, तुझे फार उपकार झाले गं. त्यांनी एकदा तरी मला विचारायला हवं होतं, त्या ठरावाला हात वर का केलास म्हणून. विचारत नाहीत. पेढा तोंडात घातला मी. काय करणार, त्या समोर उभ्या होत्या.