ह्यांचं हिंदी आणि माझ्या बरण्या

आमच्या ह्यांच्या हिंदीचं कौतुक मला नका सांगू! लखनौतला लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, अलीगंजच्या घराची डागडुजी चाललेली. स्वयंपाकघरातल्या शेल्फला माझा हात पोचेना. हे मिस्त्रींना ऐटीत म्हणाले, "शेल्फ थोडा खाली करो."

मिस्त्रींनी चार बरण्या उतरवल्या. संध्याकाळी बघते तर शेल्फ तिथंच! मी स्टुलावर चढून बरण्या परत लावल्या.

दुसऱ्या दिवशी हे ओरडले, "अरे, और खाली करो!" सगळ्या बरण्या जमिनीवर आल्या, शेल्फ जागच्या जागी. मी पुन्हा स्टुलावर.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला अदबीनं विचारलं, "बहूजी, साहब रोज़ खाली करवाते हैं, आप रोज़ भर देती हैं. आपस में कुछ नाराज़गी है क्या?"