तीन चाकं की चार

मृणालिनी : पुन्हा कॅन्सल केलीत? अहो, सकाळी तर ऑर्डर झाली म्हणालात!

ईश्वर : झाली होती गं. मग एक व्हिडिओ बघितला. तो माणूस म्हणतो, बॅगेची गाडी दोन चाकांची असली तर ओढावी लागते, खांदा भरून येतो. तीन चाकांची ढकलता येते. चार चाकांची उतारावर नीट उभी राहते. आता तीन घ्यायची की चार?

मृणालिनी : मला विचारताय? मला गोल्फमधलं काय कळतंय? चार बरी असेल. खाटेलासुद्धा चारच पाय असतात.

ईश्वर : चारची घडी मोठी होते. रिक्षात मागे बसणार नाही.

मृणालिनी : मग तीनची घ्या.

ईश्वर : तीनची बसते, पण पुढचं चाक काढावं लागतं. दर वेळी काढा, दर वेळी लावा. सैल झालं तर? शिवाय आपल्या बजेटमध्ये येते तिला हाताचा ब्रेक नाही, पायाचा आहे.

मृणालिनी : मग पायाचा दाबायचा! देवा रे देवा. पोरीची गोल्फची बॅग न्यायला एक ढकलगाडी घ्यायचीय. लग्नातसुद्धा एवढी स्थळं नाकारत नाहीत लोक.

ईश्वर : एकदाच पैसे घालणार ना आपण. मागाहून पस्तावायला नको.

मृणालिनी : आणि सी विंगच्या परेशभाईंची? ती तर जवळजवळ फुकटच मिळत होती. बाल्कनीत तिच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या त्यांनी. तुम्ही तांदळाची गोणी बांधून पार्किंगच्या उतारावर फिरवून आणलीत, वॉचमन हसून हसून बेजार. तरी नाहीच म्हणालात.

ईश्वर : चाक कुरकुरत होतं.

मृणालिनी : तेल घातलं असतं.

ईश्वर : गोल्फमध्ये शांतता लागते, मृणाल. समोरचा मारायला उभा, आणि आपलं चाक कुईं कुईं.

मृणालिनी : आता बसा. दिली त्यांनी मेव्हण्याला. काल लिफ्टमध्ये भेटले तेव्हा काय म्हणाले माहितीये? "भाभी, गाड़ी तो अच्छी थी, ईश्वरभाई का मन ही नहीं है."

ईश्वर : त्यांना काय कळतंय.

मृणालिनी : त्यांना लगेच कळलं, मलाच उशीर झाला. जरा खुर्चीतून उठून दाखवा.

ईश्वर : आता कशाला?

मृणालिनी : उठा ना. टेबलाला हात न लावता... राहू दे, राहू दे, बसा! चेहरा बघा कसा झालाय. मणका सरकलाय, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि शनिवारी पोरीच्या स्पर्धेत तुम्ही ती बॅगेची धोंड घेऊन सगळं ग्राउंड चालणार?

ईश्वर : पट्टा बांधतो की.

मृणालिनी : पट्ट्याचं राहू दे. गाडी का नकोय, ते सांगा.

ईश्वर : नकोय असं नाही गं. माझं मलाच कळत नाहीये. घेऊया म्हणतो, बोट बटणावर जातं, आणि तसंच मागे येतं. या स्पर्धेचा नियमच तसा आहे. बॅगेला माणूस, नाहीतर गाडी. दोन्ही चालत नाही. गाडी घेतली की पोरानं एकट्यानं ढकलायची. आईबापांनी लांब झाडांपाशी थांबायचं, चकार शब्द काढायचा नाही.

मृणालिनी : मग थांबा लांब. काय बिघडलं?

ईश्वर : तुला नाही कळायचं. मी क्लबात बिलं करणारा माणूस. सोमवारी मेंबर नसतात, म्हणून स्टाफच्या पोरांना खेळू देतात. त्या सोमवारांवर शिकली आपली क्षितू. मला ना खेळ येतो, ना तिच्या सरांचं बोलणं समजतं. बाकीच्या पोरांचे बाप काय काय सांगत असतात, असा पाय ठेव, वारा बघ. मला आपली बॅग तेवढी उचलता येते. तेवढा वेळ तिच्या शेजारून चालायला मिळतं. तेही चाकांनी काढून घेतलं, तर मी कोण तिथं?

मृणालिनी : कोण म्हणजे? बाप आहात तिचे. हमाल कधीपासून झालात?

ईश्वर : बोलायला सोपं आहे.

(दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज. क्षितिजा आत येते.)

क्षितिजा : बाबा, झाली ऑर्डर?

मृणालिनी : झाली आणि मोडली. विचार त्यांनाच.

क्षितिजा : परत? काय यार, बाबा!

ईश्वर : अगं, तीन की चार तेच ठरेना. या शनिवारी मीच उचलतो. पुढच्या स्पर्धेला बघू.

क्षितिजा : नको.

ईश्वर : मला काही होत नाही गं. उगाच आई घाबरवते.

क्षितिजा : बाबा, तो चढावरचा होल आहे ना, झेंडा वर टेकडीवर असतो तो? तिथं माझा बॉल दर वेळी डावीकडे का जातो, माहितीये?

ईश्वर : सर म्हणतात, तुझी पकड चुकतेय.

क्षितिजा : पकड बरोबर आहे. मी मुद्दाम मारते तिकडे. सरळ मारला की तुला बॅग घेऊन तो उभा चढ चढावा लागतो. डावीकडून वाट वळसा घेत जाते, एवढी दमछाक होत नाही. माझा एक शॉट जास्त जातो, इतकंच.

मृणालिनी : अगं बाई!

ईश्वर : मुद्दाम? आणि सरांची बोलणी खात राहिलीस?

क्षितिजा : मग काय करणार? गाडी घेऊ म्हटलं की तुझं तोंड एवढंसं होतं. आत्ताही दाराबाहेर उभी होते मी. ऐकलं सगळं.

ईश्वर : मला वाटत होतं, मी तुला मदत करतोय.

क्षितिजा : करत होतासच की. तू नसतास तर मी त्या ग्राउंडवर पाय तरी ठेवला असता का? पण शनिवारी मला सरळ मारायचाय, बाबा.

मृणालिनी : फोन द्या इकडे. तीन चाकांची, पायाच्या ब्रेकची. परवा येईल म्हणतायत. दाबू?

ईश्वर : दाब... दाब गं. आता विचारत बसू नकोस, नाहीतर मी पुन्हा फिरेन.

मृणालिनी : दाबलं. झाली. आणि फोन माझ्याकडेच राहील.

ईश्वर : क्षितू, पण मी तिथं झाडाखाली रिकाम्या हातांनी उभा राहून करू काय?

क्षितिजा : बघ ना मला. कायम त्या बॅगेखाली मान खाली घालून चालतोस. माझा बॉल उडताना तू अजून एकदाही बघितलेला नाहीयेस.