किल्ला कुठला, ते आधी बघ

हॅलो? … हॅलो, नूतन? … हां, मीच गं, सुषमाताई. माझा फोन दुसरं कोण उचलणार? … मोठ्यानं बोल, इथं कोसाडला चौथ्या मजल्यावर वारा नुसता घोंघावतोय.

… काय? खाडी वर आली? बमरोलीत? … गल्लीत किती पाणी? … गुडघ्याच्या खाली. आणि घरात? … ओट्याची एकच पायरी राहिली. बरं. रडू नको आधी. मेन स्विच पाड. … पाडलास? शहाणी गं माझी.

गोपालराव कुठायत? … मिलमध्येच? रात्रपाळी सुटून दोन तास झाले ना? … हं, रस्ता बंद. म्हणजे घरात तू आणि तुझ्या सासूबाई, उषामावशी. … आणि काल बसवलेली कानबाई! अरे देवा, आज सोमवार, बोळवणीचा दिवस. फोटो बघितला मी काल, देवीच्या नारळाला काय झोकात नथ घातली होती उषामावशींनी. आज सकाळी डोक्यावर घेऊन तापीला न्यायची होती ना? … हो, हो… कळलं. ते नंतर बघू.

दाराशी काय लावलंस? … गोण्या. चांगलं. कशाच्या? … चिंध्यांच्या? मिलमधल्या? … अगं बाई, ते पॉलिस्टर! पाणी पीत नाही, तरंगेल ना ते! … तरंगायला लागल्या? मग! सुरतेत वीस वर्षं काढलीस आणि गोणीत पॉलिस्टर भरतेस? … बरं, नाही ओरडत. काढ त्या. विटा आहेत ना, पाण्याच्या टाकीखालच्या? त्या लाव, आणि फटीत ओली गोधडी कोंब.

… लावल्या? किती लावल्यास? … सगळ्या?

नाही नाही, थांब. सगळ्या दाराला नको. हे बघ, हसू नकोस… हो, मोबाईलवरच्या त्या गेममधलंच सांगतेय. … हस, हस. तुझे भाऊजी पण हसतात. साड्यांना टिकल्या चिकटवून चिकटवून मान अवघडली की मी तेच खेळते, नाकारत नाही. पण ऐक ना. एका वाटेनं शत्रूंची रांग येते, वाटेवर आपण बुरूज बांधायचे, आणि शेवटाला आपला किल्ला. तिथं कुणी पोचलं नाही पाहिजे. इतकंच असतं त्यात. पहिले दोन महिने मी सगळे बुरूज समोरच्या तोंडाशी बांधायचे. काय ऐट! आणि दहाव्या फेरीला मागून दुसरी वाट उघडायची. एक बुरूज नाही तिकडे. गेला किल्ला.

म्हणून म्हणते, मोरीत जाऊन बघ. … मोरी गं, भांडी घासतेस ती. … नको काय नको, बघ तर.

… बुडबुडे येतायत? … काळं पाणी? मग तेच! तू दारात उभी, आणि ते तिकडून आत. जाळीवर गोधडी दाब, वर पाटा ठेव. … हो, वाटायचा दगडी पाटा. जाईल पाट्याचं काय जायचंय ते. दाराच्या अर्ध्या विटा तिकडे आण. … काढायला जिवावर येतं, माहितीय मला. बांधलेला बुरूज मोडताना मलाही यायचं. पण चुकीच्या जागेवर उभा असलेला बुरूज काय कामाचा?

… आलं तरी थोडं? येऊ दे. थोडं येणारच. … फ्रिज? जाऊ दे फ्रिज. … नूतन, ऐक, सगळं वाचवायला गेलीस ना, तर काहीच वाचणार नाही. मी एकशे बाराव्या पातळीवर आहे, आजपर्यंत एकही फेरी अशी नाही की कुणीच निसटून गेलं नाही. कागदपत्रांची पिशवी आणि सासूबाईंची औषधं पलंगावर टाक. बाकी सोड. किल्ला कुठला, ते आधी बघ. तुझा किल्ला म्हणजे उषामावशी. त्यांना घेऊन वरच्या मजल्यावर प्रमिलाबाईंकडे जा. बस्स.

… येत नाहीत म्हणजे?

… अर्धा तास? मला फोन करायच्या आधी तू अर्धा तास नुसती त्यांचा हात ओढत होतीस? पाणी कुठवर आलंय आता? … घोटा बुडतोय. … आणि त्या चौरंगासमोर बसून. … “मी नही जास.” हं. म्हणणारच. गोपाल येऊन आरती करील, तेव्हाच देवी उठेल, आणि देवी उठेल तेव्हाच मी. … बरोबर आहे गं त्यांचं, चाळीस वर्षं केलंय त्यांनी. मुलाच्या हातची आरती झाल्याशिवाय एकदाही उठवली नसेल.

पण गोपालराव आज येत नाहीत.

थांब, विचार करू दे. … गप्प बस जरा, नूतन, विचार करतेय ना मी! भीती मला नाही का वाटत?

… हे बघ. शेवटच्या फेरीला एक मोठं धूड येतं. समोरून कितीही मारा कर, ढिम्म. त्याची वाटच वळवायची असते. … सासूबाईंना धूड म्हणाले म्हणून सांगू नकोस हां. … ऐक. तू त्यांना उठवूच नकोस. कानबाईला उठव. … हो, तू! आरती तूच कर. … बाईनं करायची नाही असं कुठं सांगितलंय? देवी स्वतः बाईच आहे. आरती कर, देवीचा पाट डोक्यावर घे, आणि जिन्याकडे चालायला लाग. देवी निघाली की त्या मागे बसून राहतील? शक्य आहे का? … तापीला कशाला, वर. बोळवणीला देवी दारोदार थांबतेच की ओवाळून घ्यायला. आज पहिलं दार प्रमिलाबाईंचं. पाणी उतरेपर्यंत थांबेल तिथं.

… पाप नाही लागत. लागलं तर माझ्या नावावर. जा. फोन बंद नको करूस, कमरेला खोच. मी आहे.

… हं. … येतंय ऐकू. सावकाश. … कापूर ओला असेल तर तुपाची वात लाव.

… नूतन? …

… काय म्हणाल्या? … तू बघू नकोस मागे. पाट धर. …

… नूतन, किती पायऱ्या झाल्या? … नूतन! … काय पडलं ते? … हॅलो? … अगं कुणीतरी बोला ना!

… बादली. बादली गडगडली. हुश्श.

… पोचलीस? आणि मावशी? … आल्या? दोघी वर? … प्रमिलाबाईंनी ओवाळलं पण? अगं बाई गं… बघ! म्हटलं नव्हतं? सांग तुझ्या भाऊजींना आता, गेम खेळते म्हणून नावं ठेवतात ना मला! देवी निघाली की त्या निघणार, मला शंभर टक्के—

… कोण? माझ्याशी? … दे.

राम राम मावशी. … हो… हो, मीच सांगितलं तिला. रागावू नका… काय? … सगळं ऐकू येत होतं? फोन स्पीकरवर होता? … ते धुडाचं पण? … चुकलं मावशी, तोंडातून गेलं.

… मग तुम्हाला माहीत होतं तर उठलात कशा? … देवीसाठीच ना?

… नाही?

… हं. … हं. … नाही, परत सांगा, वाऱ्यात गेलं. … कानबाईला पाण्याची काय भीती, ती तापीलाच निघाली होती. … बरोबर. … पण डोक्यावर पाट, दोन्ही हात वर, ओला जिना… आणि पोरीच्या मागे कुणीच नाही. … म्हणून उठलात.

… प्रत्येक पायरीला पाठीला हात लावून होतात? … तुमचे गुडघे, मावशी…

… नाही. काही नाही. ऐकतेय मी. … मला वाटलं होतं… जाऊ दे, मला काय वाटलं ते.

… हो, तिला झोपू द्या. तुम्हीही पाय पुसा आणि जरा पडा. … हो. … ठेवते मावशी.