दोन माणसांचे पाल

जबाब देणार: मनकर्णा, पती खुशालराव (हे नाव मी तोंडाने घेत नाही, यात्रेतील शेजारच्या गोदाबाईने सांगितले), वय चाळिसाच्या आसपास, धंदा बागाईत व घरकाम, राहणार वरूड, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती, वऱ्हाड. हल्ली मुक्काम बहिरमची यात्रा. पौष महिना, सन १९३६.

यात्रेतील चौकीवर मी आपल्या पायांनी आले आहे. मला कोणी धरून आणलेले नाही. जमादारांसमोर सांगते ते येणेप्रमाणे.

मी वरील ठिकाणी पतीसोबत राहते. आमची संत्र्याची बाग आहे. घरात माणसे तीन: पती, मी आणि माझी सवत वच्छला. मला मूल झाले नाही म्हणून पतीने तिच्याशी दुसरे लग्न केले. तिलाही अजून काही झालेले नाही. हे जमादारांनी विचारले नव्हते, मी आपण होऊन सांगितले.

दिवाळीनंतर पतीने सवारीची नवी बैलगाडी, दमणी, घेतली. यात्रेत बैल सोडून दमणी उभी केली की तिच्या एका अंगाला बांधायला कापडाचे पाल असावे, म्हणजे बसायला व झोपायला छप्पर होते, असे ठरले. आजवर आम्ही माल वाहायच्या खाचरगाडीवर गोणपाट टाकून भागवत होतो.

पालाचे माप घ्यायला चंद्रभान शिंपी घरी आला. गाडी यात्रेत उभी राहील तशीच उभी करा, बैल जुंपलेले असताना घेतलेले माप चुकते, असे तो म्हणाल्यावरून बैल सोडले व धुऱ्याखाली टेकू दिला. वरच्या दांडीपासून जमिनीपर्यंत त्याने दोरी धरली. दोरीचे खालचे टोक माझ्या हातात होते. लांबी गाडीएवढी, ती ठरलेलीच. रुंदीसाठी त्याने विचारले, "मालक, खाली झोपनार किती जन? लय मोठं केलं तं वारा भरते अन् गाडीले ओढते. लहान केलं तं पाय बाहेर रायते. कापड मानसं पाहून घ्या लागते."

पती म्हणाले, "दोन."

चंद्रभानने माझ्याकडे पाहिले. आत वच्छला भाकरी थापत होती. तो पुन्हा म्हणाला, "दोनच?" पती म्हणाले, "दोनच म्हनलं ना. कानात बोळे हायेत काय?"

हे दोघे म्हणजे पती आणि मी, असे मी धरले. तसे मला कोणी सांगितले नव्हते. बाग फळावर होती, राखणीला घरचे माणूस हवे होते, आणि देवाला पहिलीनेच जावे अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून पालाचे काठ मी दुहेरी दुमडले, दोऱ्यांसाठी नाडे स्वतः शिवले. विहिरीवर बायांना सांगितले की यंदा आम्ही दोघेच चाललो. वच्छलालाही बजावले, "वानरं मातले हायेत, बाग नीट राखजो." ती "हो बाई" म्हणाली. तिने तोंड पाडले नाही, तेव्हाच मला समजायला पाहिजे होते.

निघायच्या सकाळी वच्छला नवे लुगडे नेसून दमणीत पुढे बसली होती. बाग राखायला दीर आले होते. मी ओसरीवर उभी होते. पती म्हणाले, "तू काहून उभी हाये? बस मांगं भांड्यापाशी. रोडगे कोन भाजीन?" मी मागे बसले. दमणी विहिरीवरून गेली तेव्हा तिथे बाया पाणी भरत होत्या.

येथे आल्यावर पाल बांधले. गाठी मीच मारल्या. कुठे झोळ पडला नाही, कुठे तोकडे झाले नाही. त्याखाली पती व वच्छला राहत. माझे अंथरूण दमणीखाली, चाकांच्या मधे, गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी. वच्छलाला थंडी वाजते म्हणून पतीने माझी वाकळ मागून नेली. पालातून हसणे ऐकू येई, बोलणे ऐकू येत नसे. मी कान दिला नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. मला तिचा हेवा वाटला, आत्ताही वाटतो. जिला सवत नाही तिने मला शहाणपण शिकवू नये.

आमच्या बाजूला सूर्यभान माळी व त्याची बायको गोदाबाई, राहणार हिवरखेड, जिल्हा अकोला, यांचे खाचर होते. ते फुले व वांगी विकायला आले होते. त्यांच्याकडे एक फाटके गोणपाट होते, तरी दोघे एका ताटात जेवत. सूर्यभान रोडगा फोडून आधी बायकोपुढे ठेवी. हेही मी पाहत होते.

आज सकाळी पती व वच्छला देवाला लोणी-शेंदूर वाहायला गेले. मी वांगी चिरत होते. वांगी बाजूला ठेवून मी पालाच्या गाठी सोडल्या आणि पाल सूर्यभानच्या खाचराला नेऊन बांधले. तो म्हणाला, "मालक रागावतीन बाई. कावून देता?" मी म्हणाले, "आमच्या दमणीले लहान पडते. तुमी दोघंच आहा, तुमाले बरोबर होते." मालकांनीच द्यायला सांगितले, असेही मी म्हणाले. ते खोटे होते. पाल त्यांच्या खाचराला बरोबर बसले.

पती परत आले तेव्हा वच्छलाला उन्हात पेटीवर बसावे लागले. ते पाहून मला बरे वाटले. पतीने सूर्यभानची मानगूट धरून त्याला थोबाडीत दिली व चोर म्हणून येथे आणले. जाताना तो "बाईले इचारा, बाईले इचारा" म्हणत होता. पती मला म्हणाले, "तू तोंड उघडलं तं घराचा उंबरठा तुले बंद." मी पुन्हा वांगी चिरायला बसले.

नंतर गोदाबाई माझ्यापाशी आली. शिव्या देईल असे मला वाटले. ती म्हणाली, "बाई, त्याहीनं सकाळपासून काई खाल्लं नाई. एवढा रोडगा पोचवता काय? मले चौकीत जायाचा भेव लागते." तिला सोबत घेऊन मी येथे आले, रोडगा सूर्यभानला देवविला आणि हा जबाब देत आहे. पाल चोरीस गेलेले नाही. ते मी दिले.

जमादारांनी विचारले, नवऱ्याची वस्तू परक्याला द्यायचा तुम्हाला काय अधिकार? मी सांगितले, मी घरची बाई आहे. पीठ, मीठ, विरजण माझ्या हातून शेजारी जाते, तसे पाल गेले. त्यावर जमादारांनी पतीला बोलावून समक्ष विचारले, "ही तुमच्या घरची वस्तू द्यायला मुखत्यार आहे की नाही? हो म्हणाल तर चोरी नाही, माणूस सुटला. नाही म्हणाल तर गुन्हा बाईवर." इतक्या वर्षांत जे मी पतीला कधी विचारले नव्हते, ते जमादारांनी विचारले. पती खाली पाहत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

तेवढ्यात दारातून वच्छला म्हणाली, "असं काय करता? घर बाईचंच हाये. कोठीची किल्ली त्याहीच्याच कमरेले हाये. हो म्हना ना."

ती माझ्या बाजूने बोलली याचा मला आनंद झाला नाही. तिने मधे पडायला नको होते.

पती "हो" म्हणाले. ते तिच्याकडे पाहून म्हणाले.

सूर्यभान यास माझ्यादेखत सोडण्यात आले. हा मजकूर जमादारांनी मला सावकाश वाचून ऐकवला, मी बोलले तसाच उतरला आहे व खरा आहे. "तिच्याकडे पाहून" हे शब्द तपासाच्या कामाचे नाहीत म्हणून जमादार ते खोडत होते. मी खोडू दिले नाहीत.

निशाणी अंगठा: मनकर्णा