पिप्यातला आवाज

(मंगलाताई माझ्या आईच्या बालमैत्रीण. जळगाव जामोदला त्यांचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. सोनाळ्याला माहेरी आल्या होत्या, तेव्हा ओट्यावर बसून त्या बोलल्या आणि मी ऐकलं. त्यांची बोली होती तशी ठेवायचा प्रयत्न केला आहे. कुठे चुकलं असेल तर ते माझं.)

मी इथलीच, सोनाळ्याची. माह्या बाबाचं वावर नाल्याच्या कडीले, थोडा मका, थोडा भाजीपाला, वांगे, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे निघन ते जळगावच्या बाजारात न्यायचं. आमी दोघं भाऊबहीण, मी मोठी अन् सुन्या लहान. सुन्या म्हणजे सुनील, पण त्याले सुनील फक्त शाळेच्या हजेरीतच म्हणत असतीन. मले लहानपणापासून वस्तू खोलायचा नाद. घरातला रेडिओ खोलला तं आई म्हणे, हे पोट्टी एक दिवस घर खोलून ठेवन, अन् बाबा म्हणे, खोलू दे वं, बंदच तं होता. मंग दहावी झाली तं बाबानंच मले आयटीआयले टाकलं, लोक म्हणत पोरगी तारा जोडायले कायले शिकते, तं बाबा म्हणे, तुमची इस्त्री बिघडली का तिच्याचकडं याल. अन् आले बरं, सारे आले.

आता आमच्या बाबाचं तुले सांगतलं पायजे, नाई तं पुढचं समजणार नाई. बाबा भजनी मंडळात होता, पण गळा काही नव्हता त्याले, गात नसे. त्याचं काम म्हणजे भोंगा बांधायचं. सप्ता बसला का बाबा देवळावर चढणार, भोंग्याचं तोंड शेजारच्या गावाकडं करणार, तारेनं करकचून बांधणार, अन् मंग दुसऱ्या दिवशी बाजारात त्या गावचा माणूस भेटला का पयलं इचारणार, काय गा, काल आवाज आला का तुमच्याकडं? तो हाव म्हटला का बाबाचा दिवस चांगला. आमच्या घरात आवाज चांगला म्हणजे दूर जाणारा आवाज. दुसरं काही चांगलं असते आवाजात, हे आमाले कोणी सांगतलंच नाई, अन् आमाले इचारायचं सुचलं नाई.

सुन्या बारावीनंतर मलकापूरले कापसाच्या जिनिंगमध्ये एक हंगाम कामाले गेला. तिथी एका आर्केस्ट्रातला माणूस जुनी गिटार विकून राह्यला होता, विजेवरची, लाल रंगाची. हंगामाचे सारे पैसे सुन्यानं त्याच्यात घातले. घरी आला तं आईले वाटलं काही अवजार आणलं, म्हणे हे कोणत्या कामाचं हाय बे. वाजवून दावली तं काय सांगू तुले, डासासारखा आवाज. ते गिटार तशीच असते, तिच्यात पोकळी नसते ना, वायर लावून पेटीत आवाज मोठा करा तवा ते बोलते. अन् पेटीले पैसे नव्हते, विकणाऱ्यापाशी पण नव्हती, म्हणून तं स्वस्तात देली त्यानं. सुन्या खाली पाहून बसला. मी म्हटलं, काऊन तोंड पाडतं, मी बनवते.

बोलून गेली, अन् मंग लागली कामाले. त्या वर्षी गावात जो तो पातळ टीव्ही घेऊन राह्यला होता अन् जुने डब्ब्यासारखे टीव्ही लोक गोठ्यात टाकत, ते मी मागून मागून आणले, कोणाच्या टीव्हीतून तारा, कोणाच्यातून बटनं. गिटारीचा आवाज लय बारीक असते, त्याले आधी एका लहान सर्किटमधून घेऊन थोडा वाढवा लागते अन् मंग मोठ्या बोर्डात द्या लागते, तं लहान सर्किट मी घरीच जोडलं अन् मोठा बोर्ड जळगावच्या बाजारातून आणला, रिक्षातल्या टेपमध्ये असते तसा. पयले लाइनीवर लावला तं नुसती घूं घूं, आपल्या गावची लाइन तुले माहीतच हाय, कवा कमी कवा जास्त, अन् अर्थिंग म्हणजे नावाले गाडलेली सळाक. दिवसभर त्या घूं घूं संग भांडली मी. मंग बाबा वावरातून आला, पाठीवर फवारणीचा पंप, तो बॅटरीवाला, अन् म्हणे, हे लाव ना. मी हसली. पण लावली तं घूं घूं एकदम गायब! बारा व्होल्टची बॅटरी, बोर्डाले जशी पायजे तशीच. तवापासून आमची गिटार फवारणीच्या बॅटरीवर. फवारणी असली का गिटार बंद, गिटार असली का मक्यावरच्या अळ्या खूश. आई चिडे, म्हणे, बॅटरी कोणाची हाय ते एकदा ठरवा बाप्पा.

हे सारं बसवायले डब्बा म्हणजे गोडेतेलाचा पिपा, पत्र्याचा, घासून घासून धुतला तरी गरम झाला का तेलाचा वास येये. राह्यला स्पीकर. घरात जुन्या डेकचा एक गोल स्पीकर होता, कागदाचा, पलंगाखाली पडेल. मी तो लावून पाह्यला. आवाज चांगला आला, मऊ आला, पण खोलीपुरताच आला. बाबा म्हणे, हा तं अंगणात पण जात नाई. अन् दुसऱ्या दिवशी बाबा जळगावले वांगे घेऊन गेला, मंडपवाल्या मित्राकडं, अन् येतानी वांग्याच्या बदल्यात एक भोंगा घेऊन आला, जुना, कडीले चेमटेल. एवढं हासू मी त्याच्या तोंडावर क्वचित पाह्यलं. म्हणे, हे लाव, आता पाह्य.

मंग आमी तो वावरात नेला. सुन्या बांधावर बसला गिटार घेऊन, मी पिप्याजवळ, अन् बाबा चालत निघाला. ठरवलं असं का जिथवर आवाज येते तिथवर बाबा जाणार अन् डोक्याचा रुमाल वर करणार. सुन्या वाजवून राह्यला, बाबाच्याच भजनातली एक चाल, अन् बाबा वावर संपते तिथं धुऱ्यावर गेला, रुमाल वर. निंबाखाली गेला, रुमाल वर. नाला उतरून पल्याडच्या चढावर गेला, माणूस एवढासा दिसून राह्यला, अन् तिथून रुमाल वर! आमी दोघं उड्या मारल्या पिप्याच्या आजूबाजूनं. बाबा वापस आला तं घामानं भिजेल, म्हणे, पोचला बे सुन्या, पोचला. सुन्याची बोटं कापली होती तारांनी, त्याले ते समजलंच नाई.

आता तू म्हणशीन का भोंग्यातनं गिटार कशी वाजत होती? कर्कश वाजत होती, बाई. पत्र्यावर गारा पडल्यावानी. पण वावरात, मोकळ्या हवेत, दुरून, ते कर्कशपण कळत नाई, अन् आमचं सारं ध्यान त्या रुमालात.

मलकापूरच्या त्या आर्केस्ट्राले गिटारवाला पायजे होता, जुना सोडून गेलता. मालकानं निरोप धाडला, पोट्ट्याले आण, पेटी त्याची त्यानं आणायची. आमी तिघंही गेलो, यष्टीनं. पिपा बाबाच्या मांडीवर, भोंगा सुन्याच्या खांद्यावर, कंडक्टर म्हणे, कोणाचं लगन हाय. बाबा म्हणे, याचं, गिटारीसंग. सारी यष्टी हासली अन् सुन्या लाजला.

तिथी एक लहान खोली होती, जिनिंगच्या मागच्या अंगाले, दारं बंद, मालक खुर्चीवर, संग तबल्यावाला अन् एक गाणारी बाई. सुन्यानं वायर लावली अन् पयलाच सूर काढला, अन् काय सांगू तुले, त्या खोलीत तो आवाज म्हणजे कानात सुया. बाईनं दोन्ही हात कानावर. मालक म्हणे, बंद कर बे, बंद कर, हे गिटार हाय का यष्टीचा भोंगा! तबल्यावाला म्हणे, भोंगाच हाय, पाहा ना. अन् हासले सारे. बाबा एका कोपऱ्यात उभा होता, तो म्हणे, साहेब, नाल्यापल्याड जाते आवाज. मालक म्हणे, मले नाल्यापल्याड नाई पायजे काका, मले इथी पायजे.

पण तो माणूस वाईट नव्हता, ते मी आजही सांगते. त्यानं सुन्याले जवळ बोलावलं, वायर काढून वाजवायले लावलं, तशीच, डासासारखी, अन् कान लावून आयकलं. म्हणे, हात चांगला हाय पोट्ट्याचा. पेटी चांगली आण अन् ये.

ये म्हटलं होतं त्यानं. येऊ नको नाई म्हटलं.

येतानी यष्टीत जळगावच्या पुढं बाबा म्हणे, मले वाटलं दूर गेला म्हणजे चांगला. सुन्या खिडकीतून बाहेर पाहत होता, म्हणे, जाऊ द्या ना बाबा. बस, एवढंच. घरी आलो, मी पिपा फळीवर ठेवला अन् भोंगा खुंटीले. मले वाटलं सुन्याचा राग उतरन मंग आपण पाहू. सुन्याले वाटलं ताई काही बोलत नाई म्हणजे तिलेही कटाळा आला. अन् बाबाले वाटलं आपणच बिघडवलं, आता आपण कोणत्या तोंडानं बोलावं. तिघंही एकमेकाले जपत बसलो. तिघांतून एकानं म्हटलं असतं ना, चल बे पुन्हा, तं झालं असतं. ज्वारी निघाली तवर मालकाले दुसरा पोट्टा भेटला. सुन्यानं गिटार आली तशीच, पेटीबिगर, कोणाले तरी देऊन टाकली अन् पुण्याकडं कंपनीत गेला. अजून तिथीच हाय. लेकरू हाय त्याले, घर केलं, चांगलं चालू हाय, चांगलंच राहो त्याचं. पण मी कधी इचारलं, काही वाजवतो का रे, तं म्हणते, टायम कुठी ताई.

माह्यं लगन झालं, जळगावले दुकान टाकलं. एकदा एका शाळेची गिटारीची पेटी दुरुस्तीले आली, कंपनीची, चांगली काळी कातड्याची. मी मागून खोलली अन् तशीच बसली. आत कागदाचा गोल स्पीकर. आमच्या पलंगाखाली होता ना, तसाच. थोडा मोठा, पण तसाच. नवरा म्हणे, काय झालं, करंट लागला का? मी म्हटलं, नाई.

इकडं बाबाचं वय झालं, अन् डुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, वाढले. मक्याले कणीस लागलं का कळपच येतात सातपुड्याकडून. बाबा माळ्यावर बसून जागल करे, ओरडून ओरडून घसा बसून जाये. मंग एका दिवशी बाबाच म्हणे, मंगे, तुहा तो पिपा हाय का अजून? अन् माह्याकडं पाह्यलं नाई म्हणतानी. मी त्याच्यात मेमरी कार्डवाली चिप बसवली, अन् भर दुपारी वावरात मोबाइल धरला अन् म्हटलं, बाबा ओरडा. बाबा ओरडला, हाऽऽट, हाऽऽऽट, हुर्रर्र, जसा माळ्यावरून ओरडे तसा, अन् थांबला, अन् हळूच म्हणे, झालं का वं, मंगे? ते पण भरलं गेलं त्याच्यात. मी काढत होती तं म्हणे, राहू दे, डुकराले काय समजते.

तसंच हाय ते. दिवस बुडाला का आपोआप चालू होते, सारं वावर गाजते, हाऽऽट, हाऽऽऽट, हुर्रर्र, अन् शेवटी, झालं का वं, मंगे? भोंग्यातनं. साऱ्या शिवाराले माह्यं नाव पाठ.

बाबाले जाऊन दोन पावसाळे झाले. वावर आता शालीकभाऊ बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करतात, शेजारी हायत आमचे, त्यांनी पिपा बंद नाई केला. मले म्हणतात, मंगे, तुहा बाप रोज तुलेच इचारते, एकदा सांगून टाक ना त्याले. मस्करीनं म्हणतात. आई मात्र त्या टायमाले ओट्यावर येऊन बसते, तांदूळ निवडते.

मले जिवाले काय लागते सांगू का? सुन्याची गिटार आमी इतके दिवस आयकली, मोबाइल होता घरात, पण एकदाही भरून नाई ठेवली. डुकरासाठी सुचलं, त्याच्यासाठी नाई सुचलं.

परवा मी शालीकभाऊच्या स्वतःच्या वावरात होती, नाल्याच्या पल्याड, त्यांच्या बायकोसंग सांबार तोडत. सुन्याचा फोन आला. म्हणे, ताई, दिवस बुडाला का तिकडं? म्हटलं, बुडून राह्यला. म्हणे, फोन धर ना जरा. मी फोन तिकडं धरला. लागलं ते सुरू, हाऽऽट, हाऽऽऽट. सुन्यानं सारं आयकलं. मंग म्हणे, पोचला ताई. इथवर पोचला.

अन् पलीकडून बाबा इचारतच होता, झालं का वं, मंगे?

नाल्यापल्याडून बोललेलं त्याले काय आयकू जाणार. मी पदर वर केला, त्याच्या रुमालावानी.